गवंती टाक्याची परतवाट

कल्पना करा, तुम्ही मुंगी आहात. कापडावर रेघांचं एक गोपूर, देवळाच्या दारावरचा उंच मनोरा, आहे आणि त्या रेघांवरून तुम्हाला चालायचं आहे. एक पाऊल कापडाच्या वरून, पुढचं खालून, पुन्हा वरून. त्यामुळे वाटेत फटी राहतात. टोकाला पोहोचलात की त्याच वाटेनं मागं फिरायचं आणि येताना त्या फटी भरायच्या. धागा तोडायचा नाही, गाठ मारायची नाही. आमच्या धारवाडकडं कसूती भरतकामातल्या या टाक्याला गवंती म्हणतात. नीट जमला तर कापड उलटं धरा की सुलटं, सारखंच दिसतं. जाताना घातलेले टाके कुठले आणि येतानाचे कुठले, हे घालणारीलाही ओळखता येत नाही.

मी शाळेत अक्कोरे, म्हणजे बाई. गणिताच्या तासाला मी हाच टाका घेतला. आदल्या आठवड्यात, अंगोलातली माणसं काढतात तशा, बोट न उचलता पुऱ्या करायच्या आकृत्या आम्ही मैदानातल्या वाळूत काढल्या होत्या. आता जोडीनं कसूती, त्याच गोपुराची. एकानं जायचं, दुसऱ्यानं परतायचं. सर्वांत सुबक, बिनगाठीचं कापड हुबळीच्या गणित-जत्रेत मांडलं जाणार होतं.

नीलव्वा आणि पारव्वा रोज एकाच डब्यातली भाकरी खायच्या. तेव्हा जोडी ठरलेलीच. नीलव्वानं जाणं केलं आणि सुईसकट कापड पारव्वाकडं घरी न्यायला दिलं. जत्रेचं नीलव्वानं घरी, गल्लीत, सगळीकडं सांगून टाकलं होतं.

"झालं का गं?" कापड द्यायच्या दिवशी तिनं शाळेच्या दारातच पारव्वाला विचारलं.

"झालं की. उघडू नकोस, घामट हातांचे डाग पडतील," पारव्वा म्हणाली.

नीलव्वानं उघडलं नाही. वर्गात तसंच माझ्या हातात ठेवून म्हणाली, "अक्कोरे, आमच्या कापडात गाठ निघाली तर मी कोंबडा होऊन शाळेभर फिरेन!"

"मग आरव की आत्ताच!" मागून इरप्पा ओरडला. वर्ग हसला.

मी डोळे मिटून कापडावरून बोट फिरवलं. कळसाच्या खाली मोहरीएवढं काहीतरी लागलं. गाठ.

"ही कुणाची?"

नीलव्वानं पारव्वाकडं बघितलं आणि ती बोलेल म्हणून थांबली.

पारव्वा खाली बघत म्हणाली, "जाताना हिचा धागा तुटला होता, अक्कोरे. मला म्हणाली, सांगू नकोस."

"पारू? मी म्हणाले?"

"म्हणालीस की."

"कोंबडा! कोंबडा!" पोरं बाकं बडवायला लागली.

मी सगळ्यांना गप्प केलं. "काम पुरं झालंय. गाठ जातानाची की येतानाची, हे बघून मलाही सांगता येणार नाही."

"येईल," नीलव्वा म्हणाली. "शेवटाकडून उसवलं तर. येतानाचे टाके आधी निघतील."

"उसवलंस तर जत्रा गेली, पोरी. आजच कापड पाठवायचंय."

"जाऊ दे."

तिनं सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायला सुरुवात केली. पायऱ्या निघाल्या, खांब निघाले. धागा मांडीवर साठत गेला. कळसाखालची गाठही त्याच धाग्याबरोबर सुटून आली. कापडावर जातानाचे टाके तेवढे उरले, फटीफटीचे, पण सुरुवातीपासून टोकापर्यंत एकसंध.



"गुंता झाला होता गं," पारव्वा रडायला लागली. "तोडावाच लागला. तू चिडली असतीस."

"चिडले असते. मग दोघींनी बसून सोडवला असता."

पारव्वानं डोळे पुसले आणि हात पुढं केला. "दे, मी पुन्हा भरते."

नीलव्वानं त्या हाताकडं बघितलं. मग सुईत नवा धागा ओवला, त्याचं टोक जुन्या टाक्यांखालून गाठ न मारता सरकवलं आणि पाठ फिरवून परतीची वाट एकटीच भरायला बसली.