जपानातला हुरडा

आमचे सासरे बब्रुवान अण्णा घरात कुणाचं ऐकत न्हाईत, जपानचं ऐकतात. रोज सकाळी त्यांच्या मोबाइलवर देशोदेशीच्या म्हणी येतात. चिनी येतात, जपानी येतात, आफ्रिकेतल्या येतात, एकदा तर आइसलँडची आली. अण्णा चष्मा लावून ती मोठ्यानं वाचतात, "वा!" म्हणतात, नि खडू घेऊन आमच्या माकणी गावच्या चावडीपुढच्या फळ्यावर लिहून येतात. खाली स्वतःचं नाव. तो फळा खरं तर ग्रामपंचायतीचा. नळाला पाणी कधी, दहावा कुणाचा, भंडारा कुठं, ते त्यावर लिहायचं. पण अण्णांना अडवणार कोण?

मी दैवशाला, त्यांची सून. मी काही बोलले की, "तू भाकरी बघ." माझ्या सासूबाई धुरपदाबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्यांनी तर बोलणंच सोडून दिलंय. मालक इंद्रजित गुणाचे हायत, पण त्यांच्या तोंडात एकच वाक्य, "अण्णा म्हणतील तसं."

यंदा माझी लेक सृष्टी बारावी झाली. लातूरला नर्सिंगला नंबर लागला. सोमवारी जाऊन नाव घालायचं, न्हायतर जागा गेली. अण्णा म्हणाले, "काय गरज? जळकोटचं स्थळ चांगलं हाय." पोरगी जेवंना झाली. मला असा संताप आला, की भाकरी थापता थापता परात आदळली. म्हणलं, थांबा, तुम्हाला जपानच पाहिजे ना?

दुपारी बसून म्या एक म्हण रचली. त्यात लेक होती, नदी होती, शेवटाला समुद्र होता. मतलब एवढाच, की लेकीला अडवू नका. जरा चव यावी म्हणून मधी हुरडाबी घातला. मग उमरग्याच्या माझ्या भावाला, सुरजला, फोनवर सांगितली. त्यानं उगवत्या सूर्याचं चित्र लावलं, खाली 'जपानी म्हण' असं लिहिलं, नि अण्णांना धाडली.

सकाळी अण्णांनी वाचली. परत वाचली. डोळ्यांत पाणी! "ह्याला म्हणतात अक्कल! त्या लोकांनी बुलेट ट्रेन उगं न्हाय काढली." फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून आले. चहा देता देता म्या हळूच इचारलं, "मग अण्णा, सृष्टीचं?"

"तिचं काय?"

"म्हणीत लेकीचंच हाय की."

"अगं, ती म्हण हाय. म्हण फळ्यावर लिहायची असती. घरातलं येगळं."

कपाळावर हात मारून घेतला. सृष्टीच्या तोंडाकडं बघवंना.

पण आमचं गाव! फळ्यावर लिहिलंय म्हंजी ती खबर, एवढंच गावाला ठाऊक. आजवरच्या म्हणी समद्यांच्या डोक्यावरून गेल्या होत्या. ह्या म्हणीत मात्र हुरडा होता, लेक होती, खाली अण्णांचं नाव होतं. ती गावाला कळाली, नि सृष्टीचा लातूरला नंबर लागलाय हे तर समद्यांना ठाऊकच होतं. दुपारच्याला शेजारचे वीरप्पा मामा माणसं घेऊन दारात. हातात नारळ, शाल, फेटा.

"अण्णा, नातीला लातूरला धाडताय! फळ्यावर वाचलं. लई मोठं मन तुमचं!"

अण्णांनी तोंड उघडलं, तोवर फेटा डोक्यावर बसला बी. कुणी फोटो काढला, कुणी म्हणालं, दोन शब्द बोला. झालं! अण्णा जपानवर सुटले ते थांबंनात. आपण काय बोलतोय ह्याचं भान सुटलं, नि शेवटाला छाती काढून म्हणाले, "माझी नात सोमवारी लातूरला जाणार!" टाळ्या पडल्या.

जाता जाता एकजण म्हणाला, "जपानातबी हुरडा असतोय म्हणा की."

"नसायला काय झालं?" वीरप्पा मामा म्हणाले. "ज्वारी कुठं न्हाय?"

सोमवारी सृष्टी एसटीत बसली. अण्णांनीच खिडकीतनं तिला पाण्याची बाटली दिली. मी पदरात तोंड घालून रडले, नि आतल्या आत हसलेबी. घरी आल्यावर अण्णा मला म्हणाले, "जपानच्या बायकांकडनं शीक काहीतरी."

"व्हय, अण्णा," म्हणलं.

मी सैपाकाला बसले तर आत्या मागनं आल्या. दार लोटून घेतलं.

"दैवशाला, जपानात हुरडा कसला गं?"

पिठाचा गोळा माझ्या हातात तसाच राहिला. "आत्या, पाया पडते, कुणाला सांगू नका."

"म्या कशाला सांगू?" त्या माझ्याजवळ खाली बसल्या. "ढोकीला माझा भाऊ खाटंवर पडून हाय. मला जाऊन भेटायचंय. तुझे सासरे म्हणत्यात, सोयाबीन निघाल्यावर बघू. तवर त्यो ऱ्हातोय का न्हाय, कुणाला ठाऊक." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "माझीबी एक म्हण लिव की, बाई. भाऊ घाल, बहीण घाल. गावाला कळंल अशी कर. हुरडा तेवढा नको."

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. हात धुतले नि फोन घेतला.

"कुठल्या देशाची करू, आत्या?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"लांबची बघ कुठलीतरी. जवळच्यांचं ते ऐकत न्हाईत."