नव्या पिंपातला जुना वास

निघोज्याच्या कारखान्यात नव्या सॉल्व्हंटचं पहिलं पिंप उघडलं, तेव्हाच विजयश्रीच्या मनात पाल चुकचुकली. वास तोच होता. तोच गोडसर, घशात बसणारा.

लोखंडी पार्टवरचं तेल काढायचं लिक्विड इथं सॉल्व्हंटपासून बनायचं. जुन्या सॉल्व्हंटवर तब्येतीला घातक म्हणून निर्बंध आले, तसं गाड्यांचे पार्ट परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांनी कळवलं होतं, त्याचा थेंबही चालणार नाही. मालक अर्जुनराव गावचे जुने बागाईतदार. त्यांनी महिन्याभरात नवा माल आणला. आणणारा आयातदार म्हणजे त्यांचा जावई, गणराज. सेफ्टीची जबाबदारी विजयश्रीची. लातूरहून येऊन ती पिंपळे सौदागरला राहत होती.

पिंपं भरणाऱ्या कुसुमताईंचं डोकं अजून दुखायचं. "सवय मोडायला वेळ लागतो," अर्जुनराव हसून म्हणाले. त्या हसण्यानेच विजयश्रीचा संशय पक्का झाला. सासरे-जावई मिळून जुनाच माल खपवतायत. तिने गुपचूप बाटलीभर नमुना घेतला आणि भोसरीच्या लॅबला दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती गोदामात गेली. अर्जुनराव एकटेच पिंपापाशी वाकले होते. हातात बाटली.

"काय करताय, अण्णा?"

ते दचकले. बाटली पाठीमागे गेली. मग हळूच पुढे आली.

"तपासायला द्यायचं म्हनतोय."

"मला न सांगता?"

"तुमी तरी मला कुठं सांगितलं? लॅबवाला आमच्या गावचाच हाय." ते तिच्याकडे रोखून बघत होते. "मला वाटलं, जावयाबरोबर तुमचंच काय तरी ठरलंय. माल आत तुमीच घेता. मंग तुमी दिलेली बाटली खरी कशावरून?"

विजयश्रीला राग आला, आणि लाजही वाटली. तिनेही त्यांच्याबद्दल नेमकं तेच धरलं होतं.

संध्याकाळी लॅबचा फोन आला. सॉल्व्हंट जुनंच होतं. नाव तेवढं नवं.

अर्जुनरावांनी तिच्यासमोरच जावयाला फोन लावला. गणराजने आधी कानावर हात ठेवले. मग म्हणाला, "मामा, सगळेच करतात. कोण उघडून बघतंय?"

"आमी बघितलं, जावईबापू," अर्जुनराव म्हणाले आणि फोन ठेवला.

विजयश्रीला अजून भरवसा नव्हता. रात्रीत पिंपं हलतील असं वाटून गोदामाची किल्ली तिने स्वतःकडे मागितली. त्यांनी ती मुकाट्याने दिली. सकाळी त्यांनीच भरणं थांबवलं, कंपन्यांना कळवलं, गेलेला माल परत बोलावला, आणि सरकारी खात्यातही तक्रार देऊन आले. एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. गणराजच्या रावेतच्या ऑफिसला टाळं लागलं.

आठवड्याने सायलीचा, अर्जुनरावांच्या मुलीचा, विजयश्रीला फोन आला.

"बाबांचे कान तुम्हीच भरलेत ना?"

"नाही, सायली. त्यांना आधीच शंका होती."

"स्वतःच्या जावयावर? खोटं बोलू नका."

शेजारी बसलेल्या अर्जुनरावांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मीच केलं, बाळा," ते म्हणाले. "मॅडमवर बी संशय घेतला व्हता मी."

पलीकडे सायलीने फोन ठेवला. ते तसेच फोन कानाला लावून बसून राहिले.