पांढऱ्या पायांची जोड

"जोड नाई जुळत," तानबाने दोन्ही टायर भिंतीला टेकवले, चार पावले मागे सरून नीट पाहिले आणि निकाल दिला. "याच्या अंगावर सरळ रेघा, त्याच्या अंगावर चौकटी. येका जुवाले अशे दोन कोन जुपते?"

दुकानदार कैलासने हसू दाबून तोंड फिरवले. रूपरावांनी मात्र चष्मा काढून पुसला. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत आयुष्य घालवलेल्या या माणसाला, प्रश्न कितीही वाकडा असला तरी उत्तर सरळ देण्याची सवय होती.

"दादा, पुढचा टायर वाट धरते, मागचा जोर लावते. कामं निराळी, म्हून नक्षी निराळी."

"असं होय! म्हंजे आपल्या हरण्या-सरदारासारखं. हरण्या वाट धरे, सरदार जोर लावे." एवढे बोलून तानबाने टायरांकडे पाठ फिरवली.

रूपराव नेमके यालाच भीत होते. माघात हरण्या म्हातारपणाने गेला. एकट्या बैलाचे करायचे काय, म्हणून तानबाने सरदारला शेजारच्या अण्णाजीच्या गोठ्यात दिले. आणि गेल्या आठवड्यात वहिनीचा, आनंदाबाईंचा, वडनेरहून फोन आला होता. "भाऊजी, हे म्हनते, यंदा पोयाले घराबाहीर निंघतच नाई. रिकामे हात घेऊन तोरनाखाली काऊन जाऊ म्हनते. तुमी काईतरी करा."

तानबाशिवाय वडनेरचा पोळा, ही कल्पनाच रूपरावांना सोसवेना. गावात दोन-तीन वर्षांपासून लोक ट्रॅक्टरही सजवून तोरणाखाली आणत होते. मग आपली जुनी राजदूत मोटारसायकल काय वाईट? याच गाडीवर दोघा भावांनी जोडीसाठी सरकी-ढेपेची पोती वाहिली होती. चाके तेवढी गंजली होती, टायर पार गोटा झाले होते. सावंगीच्या दवाखान्यात डोळे दाखवायचे निमित्त करून त्यांनी भावाला बोरगावच्या आपल्या घरी बोलावले आणि परतताना वर्ध्याच्या या दुकानात आणले; गाडी त्यांनी आधीच इथे आणून ठेवली होती.

"रबराचं का निवडाचं?" असे दारात कुरकुरणारा तानबा आत शिरताच बैलबाजारात शिरल्यासारखा वागू लागला. टायर दाबून पाहिला, हुंगला, खाचांत बोट घालून त्याचे 'दात' मोजले. कैलासने नव्या तऱ्हेचे भरीव पाकळ्यांचे चाक पुढे केले.

"काकाजी, हे टाका. तारा कसाची कटकट नाई."

"हे तं पंख्याचं पातं होय! हे छताले टांग, अन् आमाले गाडीचं चाक दाखव."

तारांच्या चाकांवर दोघांचे एकमत झाले. रूपरावांनी चाक फिरवून बाक तपासला आणि पेन्सिलीने एकेक तार वाजवून ताण पाहिला. "घुंगरं हायेत वाटते याले," तानबा खुलला.

आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या जोडीवर त्याची नजर गेली. जुन्या धाटणीचे, भरल्या अंगाचे टायर. दोहोंच्या कडेला रुंद पांढरा पट्टा. तानबा उकिडवा बसला. पट्ट्यावरून हात फिरवत हळूच म्हणाला, "पांढऱ्या पायाचा हाये."

हरण्याचे चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे होते.

रूपरावांनी टेप लावून पाहिली. "दादा, हा जाडा होते. टायर अन् मडगार्डात दोन बोटं जागा पाह्यजे, इथं येकच राह्यते. आपल्या काळ्या मातीत चाक जाम होईन. अन् पांढरा पट्टा वडनेरात टिकन का?"

"हरण्याचे पाय कोठं टिके? मी रोज धुवो."

या उत्तराला कोणत्याही टेपवर आकडा नव्हता. रूपरावांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "कैलास, हेच बसव."

"पन सर, आताच तं तुमी म्हनलं..."

"म्हनलं. तरी बसव."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी, बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळायचे. आनंदाबाईंनी वाटीत लोणी-हळद कालवून आणली आणि तानबा राजदूतसमोर येऊन अडला.

"रूप्या, याचा खांदा कोठं?"

"रबराले लोनी लावजो नको, दादा. रबर फुगते." रूपरावांनी क्षणभर विचार केला आणि हँडलखालच्या जोडावर बोट ठेवले. "इथं. पुढचा सारा भार इथंच येते."

तानबाने ती जागा हळदीच्या हाताने सावकाश मळली. मग गाडीच्या पुढच्या दिव्याजवळ तोंड नेऊन, दरवर्षी बैलाच्या कानात म्हणायचा तेच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

"अन् जेवन का वाढू यायले?" आनंदाबाईंनी पदराआडून विचारले. "पुरनपोळी का पेट्रोल?"

"पेट्रोल त्याले. पुरनपोळी मले."

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाची सर येऊन गेली होती. हँडलला नवा कासरा बांधून तानबा पुढे, रूपराव मागून ढकलत. सुरू करायला त्यांनी किकवर पाय ठेवला, तर तानबा उखडला. "फटफट नको! बाकीचे बैल बुजतीन."

तोरण समोर दिसत असतानाच चिखलाने मडगार्ड भरले आणि चाक जागच्या जागी थिजले.

"तानबाजी, बैल अडला तुमचा!" पारावरून कोणीतरी ओरडले.

"अडला नाई, बसला. हरण्याबी इथंच बसे!"

सारा पार हसला. रूपरावांनी सदऱ्याच्या आतून काडी काढली. ती त्यांनी सकाळीच तासून ठेवली होती. तिने त्यांनी चिखल कोरून काढला.

तोरणाखाली अण्णाजीच्या नव्या जोडीत सरदार उभा होता. तानबाने गाडी त्याच्या डाव्या अंगाला नेऊन लावली. ती हरण्याची बाजू. सरदारने मान लांबवली, हँडलवरची हळद हुंगली आणि लांब जिभेने चाटून घेतली.

तानबाने खांद्यावरचे उपरणे काढले, वाकून दोन्ही चाकांचे पांढरे पट्टे पुसले. मग त्याच उपरण्याने सरदारचे पायही पुसले. ते मूळचेच काळे होते. तरी त्याने चारही पुसले.