मला वर उचललं आणि मोरी तुंबली

मी फुटपाथचा स्लॅब. काँक्रीटचा, चौकोनी आणि तोंडाचा फटकळ. शाळेत गेलो नाही, शाळेत जाणारे अंगावरून गेले. तेवढ्या शिक्षणावर बोलतोय, गोड मानून घ्या.

गवंड्याने मला ओतलं, फळीने सारखं केलं, ओल्या पोत्यांखाली झोपवलं आणि एका घराच्या दारासमोर कायमचं नेमलं. लोक माझ्यावर थुंकले, भांडले. एकीने तर माझ्यावर उभं राहून ठरलेलं लग्न मोडलं. मी हललो नाही.

मग पोटाखालची माती जायला लागली. पोटाला सारखी ओल लागायची. पण सांगू कोणाला? एका बाजूने मी चार बोटं खाली बसलो.

त्या घरातला म्हातारा म्हणजे रिटायर झालेला बस ड्रायव्हर. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. त्याचं सगळं जग कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये. डोक्यावर केस नावाला, पण दोस्तमंडळी तिथे बसते ना! दारातून निघाला की वॉकरचं चाक माझ्या काठाला अडायचं. म्हातारा मला शिव्या घालून परत फिरायचा.

मुलगा म्हणाला, "बाबा, एकटं जायचं नाही. पडलात तर निस्तरायचं कोणी?"

त्या दिवसापासून म्हातारा जेवणावर रुसला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

सून म्हणाली, "अहो, आधी हा स्लॅब खाली का बसला ते तरी बघा."

"तू इंजिनियर कधी झालीस?"

"नाही झाले. मोरी मी धुते. तिथे घाण वास येतो, एवढं नाकाला कळतं."

मुलाने पंपवाला आणला. माणूस सरळ होता. म्हणाला, "भोकं पाडून खाली माती-सिमेंटचा चिखल भरतो, स्लॅब वर येतो. मडजॅकिंग म्हणतात याला. पण खालची माती का गेली, ते मला वरून दिसत नाही. चिखल जड असतो. जमीन कच्ची असली तर पुन्हा बसेल."

"बसेल तेव्हा बघू. तुम्ही उचला."

पाच भोकं पाडली हो माझ्या अंगात! कळवळलो. पण खोटं कशाला बोलू, चिखल पोटाखाली शिरला आणि मी वर आलो, तेव्हा गुदगुल्या झाल्या. भोकं बुजवली, अंगभर ठिगळं दिसायला लागली. या वयात मला कोण बघायला येणार होतं?

म्हातारा एकटा सलूनला जाऊन आला. मिशी कातरून, ऐटीत. घरी येऊन दोन घास जास्त जेवला.

हे सुख आठवडाभर टिकलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! त्या जड चिखलाने ओली जमीन आणखी दाबली. माझा कोपरा पुन्हा खचला, भोकापासून भोकापर्यंत तडा गेला. इकडे मोरी पार तुंबली, राखाडी पाणी वर आलं.

सुनेने नवऱ्याला हाक मारली, "या, या. तुमचा फुटपाथ स्वयंपाकघरात आलाय!"

मुलगा पुन्हा पंपवाल्याला फोन लावणार, तेवढ्यात म्हातारा गरजला, "अरे, इंजिन तापलं की काटा पुसत बसतात का? बोनेट उघडतात! फोड तो स्लॅब."

हुकूम माझ्या मरणाचा होता. तरी मी त्याचे पाय धरले असते. माझ्या पोटाखाली बघूया, असं त्या घरात सुनेनंतर म्हणणारा तो दुसराच.

गवंड्याने घण घातला. खाली सांडपाण्याचा फुटका पाइप. त्याच्याच पाण्याने माती वाहून गेली होती, आणि आता माझ्यासाठी भरलेला चिखल त्यात शिरून दगड झाला होता. सुनेने नवऱ्याला हाताला धरून खड्ड्याच्या काठाशी आणलं.

"बरं बाई, चुकलं," मुलगा म्हणाला.

"आठवडाभर मोरी तुम्ही धुवा, मग चुकलं म्हणा."

पाइप बदलला, माती ठोकून ठोकून घट्ट केली, नवा स्लॅब ओतला. माझे तुकडे गाडीत चढले. एक मोठा तुकडा म्हाताऱ्याने वॉकर आडवा घालून अडवला. "हा नेऊ नका. सलूनपर्यंत एका दमात पोचत नाही मी. मध्ये टेकायला काहीतरी पाहिजे."

तोच मी. अर्ध्या वाटेवर, भिंतीला लागून, विटांवर बसवलेला. पंपवाल्यावर माझा राग नाही, त्याने खरं ते सांगितलं होतं. तुमच्या दारातला कोणी खचला, तर भोकं पाडायच्या आधी खाली डोकावा, एवढं या म्हाताऱ्या स्लॅबचं ऐका.

जन्मभर लोकांनी मला तुडवलं. आता एक माणूस रोज येतो, धापा टाकत बसतो, मला "काय रे" म्हणतो. उठताना आधाराला एक हात माझ्यावर ठेवतो आणि एकटाच पुढे जातो.