फर्म्याबाहेरच्या अकरा ओळी

शालिकराम धकाते आयुष्यात दोनदाच आपण होऊन नागपूरबाहेर पडले. एकदा रामटेकला आणि एकदा आसोलकरांच्या बगीच्यात. रामटेकचा नवस बायकोचा होता, म्हणजे खरं तर एकदाच.

कादंबरीकार शरच्चंद्र आसोलकर जाऊन दोन वर्षं झाली होती. काटोल रस्त्यावर त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यातलं घर रविवारी दुपारी लोकांना पाहायला मिळेल, अशी चार ओळींची बातमी शालिकरामांनी पेपरातून कापली आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. अकरा महिने ती तिथेच होती. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात भैयाजींनी वाचायला त्यांचा चष्मा मागितला, डबी उघडली आणि ती घडी पायावर पडली.

"काहून गा, जायचं आहे तर सांगायचं ना," भैयाजी म्हणाले. "मी येतो संग. घरी बसून सुनेचे टोमणेच ऐकून राहिलो."

"बस लागते मला."

"मंग खिडकीशी बस. निंबू ठेव खिशात."

दोघांनी एकाच छापखान्यात तीस वर्षं काढली होती. भैयाजी कंपोझिटर, खिळे जुळवणारे. शालिकराम प्रूफरीडर. कोष्टीपुऱ्यातल्या मागावरून उठून वाचायच्या नादाने तिथे गेलेले. सत्तावन्न साली आसोलकरांची 'धुऱ्यापल्याड' तिथेच छापली गेली होती. शेवटचा सोळा पानांचा फर्मा भरला आणि अकरा ओळी उरल्या. तेवढ्यासाठी आणखी एक पान हवं होतं आणि कागद संपला होता. मालक उमरेडला लग्नाला गेलेले. आसोलकर टायफॉइडने दवाखान्यात, बेशुद्ध. शनिवारी प्रकाशन. ओळी मागे सरकवायला जागा नव्हती. शालिकरामांनी प्रूफ तीनदा वाचलं, कोपऱ्यात जाऊन चौथ्यांदा वाचलं आणि त्या अकरा ओळींवर काट मारली. तिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला न विचारता काही केलं होतं.

कादंबरी गाजली आणि गाजली ती शेवटामुळे. भावाशी वाटणी होऊन घर सोडणारा गोविंदा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन थांबतो. 'गोविंदा धुऱ्यावर उभा राहिला.' संपलं पुस्तक. पुढे जातो की मागे वळतो, लेखकाने सांगितलंच नाही. समीक्षकांनी त्यावर लेख लिहिले. बी.ए.च्या पेपरात प्रश्न आला. शालिकरामांच्या धाकट्या मुलीने त्याचं उत्तर घोकून पाठ केलं, शालिकराम समोर बसून ऐकत होते.

त्या अकरा ओळींतला खरा गोविंदा मागे वळला होता. विहिरीजवळ आईने लावलेल्या ईडलिंबाला त्याने गडवाभर पाणी घातलं होतं आणि मग तो गेला होता. हे आता जगात फक्त शालिकरामांना माहीत होतं. भैयाजी ते केव्हाच विसरले असावेत. हस्तलिखित रद्दीत गेलं होतं. आसोलकरांचं त्यावर पत्र आलं नाही, तक्रार आली नाही. पुढच्या आवृत्त्या पुण्याला निघाल्या, त्यामुळे गाठही पडली नाही. त्यांना राग आला होता का, एवढंच शालिकरामांना सत्तावीस वर्षं विचारायचं होतं. विचारायचा माणूस गेला, तेव्हा वाईट वाटण्याआधी त्यांना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. तेही एक त्यांच्या मनात घर करून होतं.

फाट्यावर उतरून ते अर्धा मैल चालले. बगीचा पाहून भैयाजी थबकले.

"काय गा हे? झाडं मरून राहिली."

संत्र्याची पानं गुंडाळून खाली लोंबली होती. आळ्यांतली माती तडकलेली.

"मरत नाहीत हो," ओसरीवरून आवाज आला. साठी उलटलेल्या, पांढऱ्या सुती लुगड्यातल्या बाई खाली उतरल्या. आसोलकरांच्या पत्नी, कुसुमताई. "ताण दिलाय. मृगाचा बहार घ्यायचा तर मे महिना पाणी तोडावं लागतं. या, आत या."

आत एक प्राध्यापक सहकुटुंब आले होते. मेज, दौत, दोरीने बांधलेला चष्मा, खाटेखालच्या चपला, सगळं होतं तसं ठेवलं होतं. शालिकराम दाराशी हात मागे बांधून उभे राहिले. कपाटात 'धुऱ्यापल्याड'च्या पाचही आवृत्त्या ओळीने होत्या. पहिलीचा कणा त्यांनी लांबूनच ओळखला.

"तो शेवट," प्राध्यापक कुसुमताईंना म्हणाले, "त्यांना सुचला कसा? काही बोलले असतील ना."

"सगळेच विचारायचे. ते म्हणायचे, तसं छापून आलं."

"तसं छापून आलं," प्राध्यापक बायकोकडे वळून म्हणाले. "बघ, केवढी नम्रता."

शालिकरामांनी पाणी मागितलं, प्यायले आणि भैयाजींच्या मागे मागे बाहेर आले. म्हणजे आसोलकरांना कळलं होतं. अर्थात कळणारच. लिहिणाऱ्याला कळणार नाही, असं आपण कधी धरून चाललो होतो का? चाललो असूही.

घराला वळसा घातला की विहीर होती आणि विहिरीजवळ एक झाड. साऱ्या सुकलेल्या बगीच्यात ते एकच हिरवंगार. खाली पडलेलं एक जाडसर पिवळं फळ भैयाजींनी उचलून हुंगलं.

"ईडनिंबू आहे बे. लोणच्याचं."

प्राध्यापकांना निरोप देऊन कुसुमताई तिकडे आल्या. "संत्र्याचं सगळे विचारतात, याचं कुणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून घरी आले, पुस्तक हातात घेतलं, वाचलं. आठ दिवसांनी काटोलहून हे रोप आणलं. रोज सकाळी स्वतःच्या हाताने पाणी. ताण असला तरी याला पाणी. माळी हसायचा."

"रागाने आणलं का?" शालिकरामांनी विचारलं.

"झाड कुणी रागाने आणतं का?"

भैयाजी फळ पिशवीत टाकत होते. शालिकराम त्यांच्याकडे न बघता बोलले, "ताई, पुस्तकाच्या शेवटी अकरा ओळी होत्या. फर्म्यात बसत नव्हत्या. मी काढल्या. मी तिथे प्रूफं वाचायचो."

कुसुमताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले होते. म्हणे, गोविंदा म्हणजे मीच."

"नाही, तसं नाही."

"त्याच्याआधी एक बाई आल्या होत्या. त्यांच्या आईवर लिहिलंय म्हणे."

"खरं आहे ते, बाई," भैयाजी म्हणाले. "जुळवल्या मी, काढल्या यानं. मी तवाच म्हटलं होतं, मालकाले येऊ दे."

"तुम्ही म्हटलं नव्हतं," शालिकराम म्हणाले.

"मनात म्हटलं होतं."

कुसुमताई विहिरीच्या कठड्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "काय होतं त्या ओळींत?"

समोरासमोर म्हणून दाखवणं शालिकरामांना जमलं नसतं. घरात अभिप्रायाची वही होती. त्यात, प्राध्यापकांच्या दीड पानानंतर, त्यांनी बारीक गोल अक्षरात लिहायला घेतलं. नवव्या ओळीवर ते अडले. "तांब्या होता की गडवा?" ते पुटपुटले. इतकी वर्षं गडवा म्हणत आलो, पण आपल्या घरी गडवा म्हणतात, म्हणून तर नसेल?

"गडवा," भैयाजी ओसरीवरून म्हणाले. "'ड'चे खिळे संपले होते माझ्या खान्यातले. हेडिंगचा जाडा ड लावला होता. तूच खूण केली होती त्याले."

शालिकरामांनी गडवा लिहिलं. भैयाजी काही विसरले नव्हते, फक्त त्यांना त्याचं ओझं झालं नव्हतं.

कुसुमताईंनी उभ्यानेच वाचलं. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. एकदा मात्र हसल्या.

"पहिले आठ-दहा दिवस हे गडव्यानेच पाणी घालायचे. मग एक दिवस माझ्याकडून बादली मागून नेली." वही मिटली नाही त्यांनी. "सहावी आवृत्ती निघते आहे. पुण्याहून पत्र आलंय, काही बदल असतील तर कळवा म्हणून. घालायच्या का या?"

शालिकरामांनी वहीकडे पाहिलं. अक्षर आपलंच, पण ओळी आपल्या नव्हेत.

"ते मी नाही सांगू शकत, ताई. तेव्हाही मी सांगायला नको होतं."

"चार वेळा प्रूफं आली इथे. त्या मेजावर बसून त्यांनी स्वतः तपासली. घालता आल्या असत्या."

"मग का नाही घातल्या?"

"मला कुठे माहीत होतं, काही घालायचं राहिलंय ते?" कुसुमताई म्हणाल्या. "पाचची बस पकडायची असेल तर निघा. आणि विहिरीवरून जाता तर त्याला पाणी घाला. सकाळपासून पाहुण्यांत राहूनच गेलं."

विहिरीच्या कठड्यावर पितळी गडवा पालथा होता आणि बाजूला पोचे गेलेली बादली.

"बस सुटते गा," भैयाजी म्हणाले.

शालिकरामांनी पोहऱ्याने पाणी ओढलं, गडवा भरला आणि आळ्यात ओतला. ओतताना त्यांनी मान वळवून पाहिलं, कुणी बघत नव्हतं. मातीने पाणी गिळलं. वरचा थरसुद्धा धड काळा झाला नाही. मे महिन्यातल्या झाडाला गडवाभर पाण्याने काय होणार? चारदा प्रूफ वाचलं होतं त्यांनी, आणि नंतरची सत्तावीस वर्षं मनात रोज, पण ही चूक कधी दिसली नव्हती. लिहिणाऱ्याला मात्र आठ-दहा दिवसांत दिसली होती.

त्यांनी गडवा होता तिथे पालथा ठेवला आणि बादली घेतली. भैयाजी फाट्याकडे बघत कुरकुरत राहिले. शालिकरामांनी तीन बादल्या घातल्या. तिसरीला पाणी आळ्यात साचून राहिलं.