खडीतला बाप

शहराच्या ऐन मध्यात, काचेच्या तीन इमारतींच्या कोंडीत, कुणीतरी जपानी पद्धतीची बाग केली होती. तळं, मुद्दाम वाकवलेली झाडं, आणि एका चौकात नुसती पांढरी खडी, मधोमध एक धोंडा. दिवसभर कॉम्प्युटरपुढे माना मोडणारे लोक इथे येऊन खडीकडे बघायचे आणि शांत झाल्याचं तोंड करायचे.

फरशीवाल्याची थोरली तिथे सहा महिने माळीकामाची उमेदवारी करत होती. आज दुपारी मुख्य माळी तिला कायम करणार, नाहीतर घरी पाठवणार. बापाला कुठली चैन पडायला? हातातलं काम टाकून तो तासभर आधीच तिथे धडकला.

खडीचा चौक दिसताच तो खाली वाकला. खडीवर दाताळ्याच्या रेघाच रेघा. तीस वर्षं फरश्या बसवणाऱ्याला रेघांचा एकच अर्थ कळतो: खाली सिमेंटचा मसाला ओढलाय, वर फरशी यायचीय. कार्टीने काम अर्धवट टाकलं! त्याने पिशवीतून लांब पट्टी काढली आणि सगळी खडी आरशासारखी सपाट करून टाकली.

तळ्यावरून पोरगी आली. ओरडली नाही, हेच वाईट.

"बाबा, त्या रेघा म्हणजेच काम."

"मग ते पुरं कधी होतं?"

"झालं होतं. सकाळी."

मग दोघं दाताळी घेऊन खडीत उतरली. तिने कडा धरल्या, तो धोंड्याभोवती गोल मारत मागे मागे सरकला. जन्मभर फरशी बसवत असाच सरकत तो दारातून बाहेर पडलेला; पण गोलाला दार नसतं. पाठ धोंड्याला टेकली तेव्हा उमगलं. गोल मोडू नयेत म्हणून धोंड्यावर चढून बसला. तेवढ्यात मुख्य माळी आला, मागे बाग बघायला आलेले वीसेक लोक. त्यांना धोंड्यावरचा माणूसही बागेचाच वाटला. एकीने तर डोळे मिटले.

माळ्याने विचारलं, हे कोण आणि रेघा कुणाच्या. खोटं बोलून पोरगी सुटली असती.

"वडील आहेत. कडा माझ्या, गोल त्यांचे."

माळी बराच वेळ वाकून बघत राहिला.

"कडा चोख आहेत. उद्यापासून तू कायम. गोल मात्र तिरके."

बापाने आयुष्यात बरंच ऐकून घेतलं होतं, पण तिरकं हे कुणाच्या बापाचं ऐकलं नव्हतं. कुठे तिरके ते दाखवा, म्हणत तो धोंड्यावरून उतरला आणि सगळे गोल तुडवत तरातरा माळ्याकडे निघाला.