गाऱ्हाण्यातलं नाव

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मैना नारळ घेऊन आली नसती, तर उमाने कदाचित नवऱ्याने सांगितलं तेवढंच बोलून दिवस निभावून नेला असता.

मिरजोळ्याला एमआयडीसीच्या तोंडाशी तळेकरांचं आवार आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, मागे घर, पुढे गाड्या उभ्या करायची मोकळी जागा आणि फाटकाशी जागा राखणाऱ्या देवाची, राखणदाराची, घुमटी. मिरकरवाडा बंदरातली मासळी बर्फात घालून मुंबईला पोचवायचा हा धंदा सासऱ्यांनी एका गाडीवर सुरू केला, उमाच्या नवऱ्याने, श्रीपतीने, तो तीन गाड्यांवर नेला. सासऱ्यांची एक रीत होती. गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी घुमटीपुढे गाऱ्हाणं घालायचं. कुठली गाडी, कुठे निघाली, तिच्यात माणूस कोण, हे सगळं नाव घेऊन राखणदाराला सांगायचं आणि म्हणायचं, ह्याला सांभाळून ने, सांभाळून आण. आवारात जे कोणी असतील त्यांनी हात जोडून ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. मग नारळ फोडून एक कवड घुमटीत ठेवायची, दुसरी गाडीत. सासरे म्हणायचे, ज्याचं नाव सांगितलं नाही, त्याला तो रस्त्यात ओळखणार कसा?

सासरे गेल्यावर श्रीपतीला ते जमेना. दोन वाक्यांत उरकायचा आणि मध्येच फोन घ्यायचा. मग उमाच गाऱ्हाणं घालू लागली. बायकांनी हे करावं का, अशी थोडी कुजबुज झाली, पण ड्रायव्हरांनाच तिच्या तोंडचं गाऱ्हाणं आवडायला लागलं. एरवी तिचा आवाज स्वयंपाकघरातून माजघरात पोचायचा नाही. घुमटीपुढे मात्र तो गडग्यापर्यंत ऐकू जाई.

बाबल्या हा त्यांचा जुना ड्रायव्हर. पावसाळी मासेमारीबंदीला महिनाच उरलेला, जो तो बोटवाला शेवटचा हात मारून घेत होता आणि बंदरावर मासळी ठेवायला जागा नव्हती. बाबल्या रात्रभर गाडी हाकून मुंबईला गेला, माल उतरवला आणि पाठ न टेकता परत आला. संध्याकाळच्या खेपेचा ड्रायव्हर तापाने पडला होता, म्हणून श्रीपतीने बाबल्यालाच पुन्हा बसवलं. उमाने गाऱ्हाणं घातलं, बाबल्याचं नाव घेतलं. सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय महाराजा’ म्हटलं. ते विरल्यावर, एकट्याने, मागाहून बाबल्याने म्हटलं. हात जोडलेले होते आणि डोळे मिटलेले. भक्तीने मिटलेले नव्हते. उमाला ते दिसलं. दिसूनही तिने नारळ फोडला आणि कवड त्याच्या हातावर ठेवली.

संगमेश्वरच्या अलीकडच्या वळणावर गाडी दुभाजकावर चढली आणि कुशीवर पडली. समोरून येणारी रिक्षा थोडक्यात वाचली. तिच्यात एक पोटुशी बाई माहेरी निघाली होती. रस्ताभर बर्फ आणि बांगडे पसरले. बाबल्याच्या खांद्याचं हाड मोडलं.

आरटीओची नोटीस आली ती उमाच्या नावाने. श्रीपतीच्या पत्रिकेत वाहनसुख नाही असं कोणीतरी सांगितल्यापासून सासऱ्यांनी सगळी परमिटं सुनेच्या नावावर काढली होती. इतकी वर्षं त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. आता कायद्याने विचारलं होतं ते तिला. ड्रायव्हरला विश्रांती न देता गाडीवर पाठवल्याबद्दल तिन्ही गाड्यांची परमिटं का रोखू नयेत, ते तिने समक्ष येऊन सांगायचं होतं.

वाट काढली ती आरटीओची कामं करून देणाऱ्या एजंट रितेशने. गाडीतल्या जीपीएसवरून गाडी किती वेळ पळाली ते कळतं, कोणी पळवली ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. श्रीपतीचा पुतण्या ऋत्विक ऑफिसात बसायचा, पण त्याच्याकडे हेवी लायसन्स होतं. तेव्हा सांगायचं असं, की दोन्ही खेपांना ऋत्विक सोबत होता, दोघं आलटून पालटून चालवत होते आणि अपघातानंतर पोलीस यायच्या आधी तो दुसऱ्या गाडीने घरी आला. म्हणजे विश्रांतीचा प्रश्नच मिटला. मग दोष उरला तो एकट्या बाबल्याच्या निष्काळजीपणाचा. त्याचं लायसन्स जाईल, गाड्या राहतील. श्रीपतीने बाबल्याला शब्द दिला, लायसन्स गेलं तरी आवारात काहीतरी काम देईन. बाबल्याने मान हलवली. चांगल्या हाताने त्याने दुखरा हात धरून ठेवला होता, तो सोडला नाही.

आणि मग मैना आली. बाबल्याची बायको, एमआयडीसीतच कोळंबी सोलायला जायची. तिने पदराखालून नारळ काढून उमाच्या ओटीत घातला.

“ह्ये काय गं?” उमाने विचारलं.

“राखणदाराचा हाय, वैनी. बोलले होते मी, ह्ये घरी आले की देईन म्हणून. तुमच्या हातनंच वाढवा.” मग घुमटीकडे बघत ती म्हणाली, “ह्ये सांगतात, डोळा लागायच्या आधी तेवढंच आठवलं त्येंना. वैनींनी माझा एकट्याचा नाव घेतला. म्हंजे देवाला तरी ठाव हाय, मी एकटाच हाय.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर उमाला सोसलं असतं. लायसन्स गेल्यावर तो काय करील, हेही मैनाने विचारलं नाही. ती पाणी प्यायली आणि निघून गेली. उमाने नारळ देव्हाऱ्याशी ठेवला. वाढवायला तिचा हात धजेना.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, तिचा कडक उपास; दिवा लागेपर्यंत ती पाण्याशिवाय काही घेत नसे. श्रीपतीने गाडीत बसताबसता तिला पुन्हा समजावलं. आरटीओच्या मॅडम विचारतील, दोन ड्रायव्हर होते का? तू फक्त हो म्हणायचंस. त्यापुढचं रितेश बघेल. मग तो जरा हसून म्हणाला, “तुझा मंगळवार आहे म्हणून रितेशला सांगितलंय, वहिनींना फार बोलायला लावू नको.”

 उमाने मनातल्या मनात जप सुरू केला, पण दर वेळी देवाच्या नावाच्या जागी बाबल्याचं नाव येऊ लागलं, तेव्हा तो तिने सोडून दिला.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी नम्रता मॅडम तिच्या लेकीच्या वयाच्या होत्या. आवाज चढवत नव्हत्या, त्यामुळेच जास्त धाक वाटत होता. टेबलापलीकडे त्या, अलीकडे खुर्च्यांवर उमा आणि श्रीपती, मागे रितेश. भिंतीशी गळ्यात हात बांधलेला बाबल्या आणि त्याच्याशेजारी ऋत्विक, जो आल्यापासून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. दारात शिपाई स्टुलावर बसला होता.

मॅडमनी आधी बाबल्याला विचारलं. त्याने पढवल्याप्रमाणे सांगितलं. ऋत्विकभाऊ सोबत होते. मी झोप काढली होती. चूक माझी आहे. तीन वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यानंतर तो श्रीपतीकडे बघत होता, पाठ म्हणणारं पोर मास्तरांकडे बघतो तसा. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि सरळ बजावलं, की हे असंच असेल तर तुमचं लायसन्स रद्द करण्याची शिफारस करावी लागेल, पुन्हा गाडी हातात धरता येणार नाही. कळतंय ना?

“कळतंय, मॅडम.”

ऋत्विकला विचारलं तर तो “हो, होतो मी” इतकं पुटपुटला. कुठे बसला होतास, यावर मागच्या फळीवर झोपलो होतो म्हणाला. तुला काही लागलं नाही? नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना पटलं नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं, पण खोडून काढायला त्यांच्याकडे काही नव्हतं. पोलीस पोचले तेव्हा गाडीपाशी एकटा बाबल्या होता, आणि रितेशने त्याचीही सोय आधीच लावलेली होती.

मग त्या उमाकडे वळल्या.

“परमिट तुमच्या नावावर आहे. त्या संध्याकाळी गाडी सुटताना तुम्ही तिथे होता?”

हा प्रश्न रितेशने शिकवला नव्हता. श्रीपतीच खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, “ती घरातलं बघते, मॅडम.”

“मी त्यांना विचारलंय.”

“होते,” उमा म्हणाली. “गाडी सुटताना मी असतेच. गाऱ्हाणं घालते.”

रितेश मागून खाकरला. मॅडमनी कागद बाजूला सारले. “मग तुम्हाला नक्की माहीत असणार. गाडीत कोण कोण गेलं?”

हो म्हणायचं होतं. दोघं होते म्हणायचं होतं. उमाने तोंड उघडलं, पण शब्द जिभेशी येऊन थांबला. ह्या खोलीत खोटं बोलणं एक वेळ तिला जमलं असतं. पण उद्या पुन्हा गाडी सुटणार, पुन्हा घुमटीपुढे उभं राहायचं, आणि मग त्या राखणदारापुढे कुठलं नाव घ्यायचं? घेतलेलं नाव माणसांत बदलायचं आणि देवापुढे तसंच ठेवायचं, तर ज्यांच्यासाठी घेते त्यांनी कशाच्या भरवशावर हात जोडायचे?  पंखा फिरत होता आणि श्रीपतीचा बूट टेबलाच्या पायावर हळूहळू आपटत होता.

“मला असं मोजून सांगता येत नाही,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी जे बोलले ते सांगू?”

“सांगा.”

उमा उभी राहिली. बसून गाऱ्हाणं घालायची सवयच नव्हती. तिने हात जोडले, डोळे मिटले, आणि जो आवाज माजघरात पोचत नसे तो त्या खोलीत भरला.

“बा देवा राखणदारा, आज ही तुझी गाडी मासळी भरून मुंबईच्या वाटेला लागत आहे. तिच्यासोबत तुझा लेकरू बाबल्या, एकटा जीव, जात आहे. कालचा जागा आहे. वाटेत घाट आहे, वळण आहे, समोरून येणारी माणसं आहेत. त्याच्या डोळ्यावर तुझा डोळा ठेव. सांभाळून ने, सांभाळून आण...”

“व्हय महाराजा,” भिंतीकडून आवाज आला.

बाबल्याने म्हटलं होतं. वेळेवर, अगदी शब्द पडल्यापडल्या. बांधलेला हात दुसऱ्या हातापर्यंत पोचत नव्हता, म्हणून एकच तळवा छातीशी धरला होता. म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय केलं ते, आणि त्याने घाबरून श्रीपतीकडे पाहिलं. दारातला शिपाईही स्टुलावरून उठून उभा राहिला होता. ऋत्विकने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

उमाने डोळे उघडले. “एकटा म्हटलं होतं मी,” ती मॅडमना म्हणाली. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. “कालचा जागा आहे, हेही म्हटलं होतं. देवाला सांगितलं आणि गाडीत बसवून दिला. थांबवायला मी होते की तिथे. परमिट माझं आहे ना? मग त्याचं लायसन्स कशाला घेता?”

नंतरचं फार लांबलं नाही. मॅडमनी बाबल्याला पुन्हा विचारलं, आणि ह्या वेळी तो श्रीपतीकडे न बघता बोलला. तिन्ही गाड्यांची परमिटं निलंबित झाली. पुरेसे ड्रायव्हर नेमून, त्यांच्या पाळ्या लावून दाखवल्याशिवाय एकही गाडी आवाराबाहेर काढायची नाही, असं ठरलं. बाबल्याला ताकीद मिळाली, लायसन्स राहिलं. बाहेर आल्यावर रितेश म्हणाला, “वहिनी, देवापुढचं देवापुढे ठेवायचं होतंत,” आणि श्रीपतीशी हात न मिळवताच गेला. ऋत्विक मात्र उमाच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, “काकी, मी सुटलो गं.”

 मिरजोळ्यापर्यंत श्रीपतीचा फोन वाजत राहिला. बंदरावरचे व्यापारी गाडी कधी येते विचारत होते. पहिल्या दोघांना त्याने काहीतरी सांगून पाहिलं, मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

आवारात दोन गाड्या धुऊन उभ्या होत्या, तिसऱ्या गाडीची केबिन गॅरेजवाल्याने उघडून ठेवलेली. ह्या वेळी एरवी बर्फाच्या पाण्याने सगळी जागा ओली असायची. आज माती कोरडी होती. श्रीपती पायरीवर बसला. बूटही काढले नाहीत.

उमा आत गेली, हातपाय धुतले, देव्हाऱ्याशी ठेवलेला मैनाचा नारळ घेतला आणि घुमटीकडे गेली. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून ती हळू बोलली. नारळ फोडला, एक कवड घुमटीत ठेवली, आणि दुसरी हातात घेऊन ती क्षणभर तशीच उभी राहिली, कारण ती ठेवायला निघालेली गाडी नव्हती. मग ती पायरीपाशी आली.

“तुझ्या देवाला सांगितलंस का,” श्रीपती तिच्याकडे न बघता म्हणाला, “की तीन गाड्या दारात उभ्या केल्यास म्हणून?”

“सांगितलं. आणि तुमचं नाव घेतलं.”

“माझं कशाला? मी कुठे निघालोय?”

“कठीण वाटेला लागलेल्याचंच घ्यायचं असतं.”

 फोन पुन्हा थरथरला, त्याने तो उचलला नाही.

“एकट्याचंच घेतलंस?”

“नाही,” उमा म्हणाली आणि कवड त्याच्या हातावर ठेवून शेजारी बसली. “आपल्या दोघांचं.”

त्याने ‘व्हय महाराजा’ म्हटलं नाही. खिशातून चाकू काढला, खोबऱ्याचा एक तुकडा कापला आणि तिच्यापुढे धरला. मग तिचा मंगळवार आहे हे आठवून तो त्याने परत कवडीत ठेवला, दिवा लागेपर्यंत, तिच्यासाठी.